गुरुवारचा बाक

गुरुवार, जुलै महिना, दुपारचे तीन. मोझांबिकच्या सीमेजवळच्या मुलांजे डोंगराच्या पायथ्याचं एक सरकारी रुग्णालय. मागच्या अंगाला दंतविभागाची खोली, खोलीबाहेर व्हरांडा, व्हरांड्यात भिंतीला लावलेला एक लांब बाक. हजर माणसं: एक दंत-थेरपिस्ट, एक मदतनीस, मी, आणि बाकावर बसलेले रुग्ण. रुग्ण किती होते, ते मला नक्की सांगता येत नाही. का येत नाही, तेच सांगायला बसले आहे.

रुग्णालयाचं नाव घेणार नाही. घेतलं तर उद्या वकिलाची नोटीस येईल आणि मूळ प्रश्न बाजूला पडेल. उभी हयात वर्तमानपत्रात गेली माझी. मूळ प्रश्न बाजूला कसा सारतात, ते मला चांगलं ठाऊक आहे.

गेले होते साध्या कामाला. वरच्या कार्यालयातल्या एका साहेबांनी भाषण ठोकलं होतं, की आता खेड्यापाड्यांतल्या रुग्णालयांत दातांवर संपूर्ण उपचार मिळतात. म्हटलं, बघून येऊ संपूर्ण म्हणजे किती.

त्या खोलीचा धनी फायसन निहाका. पन्नाशीचा, बुटका, हातांनी मजबूत. डॉक्टर नव्हे तो. दात काढायचे, भरायचे, साफ करायचे, एवढंच शिक्षण आणि एवढीच परवानगी. लोक त्याला डॉक्टर म्हणत, कारण सबंध जिल्ह्यात दाताला हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं.

"या मायी, या," तो म्हणाला. "संपूर्ण उपचार बघायचेत ना? हा चिमटा वरच्या दातांचा, हा खालच्या. झालं संपूर्ण."

"आणि दात भरायचं सामान?"

"सिमेंट संपलं, त्याला दोन पावसाळे झाले. कोरायचं यंत्र ते बघा, कोपऱ्यात."

यंत्रावर एक ओली शाल वाळत घातली होती. शाल मदतनीस डोरिकाची. झाडू मारणं, चिमटे उकळणं, रुग्णाचं डोकं धरून ठेवणं, सगळं तिच्याकडेच.

"बघता काय मायी," डोरिका म्हणाली, "सरकारी वस्तू पडून राहू नये म्हणून वापरतेय हो."

सकाळपासून चिपेरोनी उतरली होती. आमच्याकडे जुलै म्हणजे थंडीचे दिवस, तेव्हा मोझांबिककडून येते ती. भुरभुर आणि धुकं एकदमच, आणि आली की दिवसच्या दिवस हलत नाही. चहाचे मळे, डोंगर, रुग्णालयाचं फाटक, सगळं पुसून गेलं होतं. वीज गेलेली. डोरिकाच्या हातात बॅटरी. खिडकीतून बाहेरचा बाक दिसत होता, तोही अर्धाच. उरलेला अर्धा धुक्यात घुसलेला. बाकावरची माणसं अंग चोरून बसली होती. दाढ दुखली की आमच्याकडे जबड्याखालून फडकं घेऊन वर कानाशी गाठ मारतात. त्यामुळे ओळीने नुसती बांधलेली तोंडं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

खुर्चीत चहाच्या मळ्यावरचा एक म्हातारा पहारेकरी होता.

"सगळेच काढून टाका डॉक्टर," तो म्हणत होता. "मक्याच्या पिठाची मऊ न्सिमा गिळायला दात लागतात कुठे?"

"मग आजोबा, आलात कशाला?"

"बायकोशी भांडताना या हलत्या दातांतून शब्द निसटतात हो. ती हसते. भांडणाची सगळी मजा जाते."

निहाकाची तपासायची एक रीत होती. क्ष-किरण यंत्र नाही, म्हणून तो छोट्या आरशाच्या दांड्याने एकेका दातावर टकटक करायचा. दुखऱ्या दाताला लागलं की रुग्णाने हात वर करायचा. म्हाताऱ्याच्या दातांवर टकटक सुरू झाली. मी सहज खिडकीबाहेर पाहिलं.

एका दातावर म्हाताऱ्याने हात वर केला. त्याच क्षणी बाहेर बाकावरच्या सगळ्यांनी हात वर केले.

हळूच केले आणि हळूच खाली घेतले. मी डोळे चोळले. निहाकाकडे बघितलं, तर तो खिडकीकडे पाठ करून उभा होता. मुद्दाम. त्याचं मानगूट ताठ झालं होतं.

"निहाका, बाहेर..."

"गुरुवारी बाहेर बघायचं नाही मायी," तो इतक्या हळू म्हणाला, की म्हाताऱ्याला ऐकूही गेलं नसेल. "मी बघत नाही. संध्याकाळ झाली की जातात."

म्हातारा तोंडात कापसाचा बोळा दाबून निघून गेला. त्याच वेळी व्हरांड्यातून एका बाईचा आवाज आला. "डॉक्टर... ओ डॉक्टर... पोरीला श्वास घेता येईना हो."

मी दारात गेले. बाकाच्या पार मधोमध एक मुलगी बसली होती. एलिफा तिचं नाव. सतरा वर्षांची, आईबरोबर मळ्यात पत्ती खुडायला जाणारी. आई फालेसी तिला कवेत धरून होती. मुलीची हनुवटी आणि गळा सुजून एक झालं होतं. जीभ वर ढकललेली, लाळ ओघळत होती, आणि श्वासाला बारीक शीळ. त्या थंडीत तिच्या तोंडातून वाफ येत होती. आईच्याही येत होती.

त्या दोघींच्या अलीकडे-पलीकडे बसलेल्यांपैकी कोणाच्याच तोंडातून वाफ येत नव्हती.

निहाकाने एलिफाच्या तोंडात बॅटरी मारली, गळ्याखाली बोटं दाबली. लाकडासारखं कडक लागत होतं म्हणाला.

"दाढेचा पू खाली उतरलाय. दाढ काढून आता भागणार नाही. गळा उघडावा लागेल, बाहेरून, चीर देऊन. आजच. आत्ताच."

"मग द्या."

"ते माझं काम नाही मायी. मला शिकवलेलं नाही, परवानगी तर नाहीच. ते करणारा साहेब एकच आहे इथे आणि तो तळ्याकाठच्या हॉटेलात प्रशिक्षणाला गेलाय."

"कसलं प्रशिक्षण?"

"वेळेवर उपचार कसे करावेत," डोरिका म्हणाली. तिला हसू आलं नाही.

रुग्णवाहिका होती, इंधन नव्हतं. माझ्या जुन्या टोयोटात मात्र होतं. म्हटलं, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मी नेते, उचला तिला. एक बाजू मी धरली, एक निहाकाने. जोर लावला. चहाची पत्ती खुडणारी किरकोळ पोरगी. वजन ते काय असणार? पण ती बाकावरून तसूभर हलेना. दोन्ही बाजूंनी माणसं तिला चिकटून बसली होती. पुन्हा ओढलं. एलिफा कळवळली. शीळ आणखी बारीक झाली.

"सरका की जरा!" मी शेजारच्या बाईवर ओरडले. तिने मान वळवली नाही.

"तिच्यावर ओरडू नका मायी," फालेसी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अगदी समजूतदार, रेशनच्या रांगेत असतो तसा. "आमचा नंबर नाही ना अजून. हे आधीपासून बसलेत."

"कोण हे?"

"ही माझी जाऊ. गेल्या पावसाळ्यात तिलाही असंच झालं होतं. डॉक्टरांनी शहरात जायला सांगितलं. भाड्याची सोय होईपर्यंत..." तिने जावेकडे पाहिलं. "ती बसलीय अजून. मग मी मध्ये कशी घुसणार, तुम्हीच सांगा?"

निहाका एक पाऊल मागे सरला. इतके गुरुवार ज्यांच्याकडे पाठ फिरवली, त्या रांगेकडे त्याने पहिल्यांदा तोंड करून पाहिलं. मला वाटतं, तो एकेकाला ओळखत होता. शहरात जा, असं प्रत्येकाला त्यानेच सांगितलं होतं. सांगण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. आणि त्यांच्या हातात तर तेवढंही नव्हतं. डोंगराखालून शहरात जायचं म्हणजे खिसा रिकामा करून, दोन ट्रक बदलून जायचं. साहेबांना हे माहीत नाही असं समजू नका. माहीत आहे. भाषणात बसत नाही, एवढंच.

"डोरिका," तो म्हणाला. "दाराजवळचा जो कोणी आहे, त्याला आत घे. रांग पुढे सरकवायला हवी."

डोरिका दाराजवळच्या बाईला हाताला धरून आत घेऊन आली. रोजची सवय तिची. बसवलं, मान मागे टेकवली, जबड्याचं फडकं सोडायला कानाजवळ हात नेला. तिथे गाठ नव्हती. दाढ दुखणारा माणूस स्वतःच्या हाताने कानाशी गाठ मारतो. या बाईची गाठ डोक्यावर होती, बरोबर मध्यभागी. मेलेल्याला आंघोळ घालणाऱ्या बायका जबडा मिटून राहावा म्हणून मारतात, ती गाठ.

डोरिकाचा हात तसाच हवेत राहिला. "देवा," ती म्हणाली. "मी हिला... मीच हिला आंघोळ घातली होती, डॉक्टर."

खोलीत लवंगतेलाचा वास असायचा. तो गेला होता. आता ओल्या, नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास येत होता.

निहाकाने चिमटा उचलला. बाईने तोंड उघडलं नाही. तिने हनुवटी वर केली आणि त्याचं बोट धरून आपल्या गळ्याखाली, सुजेवर ठेवलं.

"मला नाही येत ते," निहाका म्हणाला. खाटेवरच्या रुग्णाशी बोलावं तसा. "मायी, माझं काम दाताचं. गळा माझ्याकडे नाही."

बाई बसून राहिली. बाहेर एलिफाची शीळ ऐकू येत होती. मध्येच ती थांबायची. थांबली की आम्ही तिघंही श्वास रोखायचो. मग पुन्हा सुरू व्हायची, आधीपेक्षा बारीक.

मला ओरडावंसं वाटत होतं. कोणावर ओरडणार? मंत्री असो, संचालक असो, पोलीस असो, समोरच्याला प्रश्न विचारून घाम फोडायची मला सवय. इथे समोर होती ती खुर्चीतली बाई. तिला काय विचारू? तीच तर विचारत होती.

"ही उठल्याशिवाय रांग सरकणार नाही," निहाका म्हणाला. त्याने तबकातलं पातं उचललं. हिरडी सोडवायचं छोटं पातं. पातं तबकावर वाजलं. "मायी, हिला आता आणखी काय होणार आहे? अं? काय होणार?"



त्याने चीर दिली. चुकीच्या जागी, वेडीवाकडी. रक्त आलं नाही. लाल मातीचं पाणी आलं, थोडंसं. बाईने मान हलवली. नाही म्हणून. आणि त्याचं बोट धरून किंचित खाली, किंचित मागे नेऊन ठेवलं.

त्याने पुन्हा चीर दिली. या वेळी पाणी बराच वेळ वाहिलं. मग ती बाई उठली, डोरिकाच्या खांद्याला हात लावला आणि व्हरांड्यात उतरून धुक्यात गेली.

बाहेर बाकावर कापड घासल्याचा आवाज झाला. सगळी रांग एका माणसाने पुढे सरकली. एलिफाही सरकली.

"पुढचा," निहाका म्हणाला.

त्यानंतर किती जण आले, मी मोजले नाहीत. एक शाळामास्तर होता, निहाकाने त्याला नावाने हाक मारली. एक पोटुशी बाई होती. एकाला बघून निहाका रडला, पण हात थांबवला नाही. प्रत्येक जण हनुवटी वर करायचा. कोणी बोट धरून जागा दाखवायचं, कोणी मान हलवायचं. ते त्याला शिकवत होते, आणि चीर दर वेळी अधिक सरळ येत होती. डोरिका बॅटरी धरून उभी होती आणि तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणत होती. दर वेळी बाहेर कापड घासल्याचा आवाज यायचा, आणि एलिफा दाराच्या दिशेने एक जागा पुढे यायची.

शेवटी ती दाराशी आली. तिचे ओठ निळे पडले होते.

मी म्हटलं, "निहाका, आता तुम्हाला येतंय. इथेच करा. एवढं करताय तर हिचंही करा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या पात्याकडे.

"हिच्यावर नाही शिकणार मी," तो म्हणाला. "जिवंत आहे ती. तुम्ही न्या. तिचा नंबर आलाय, आता उठेल."

आणि ती उठली. कापसासारखी हलकी. मी आणि फालेसीने तिला उचलून गाडीत आडवं टाकलं. मी परत दाराशी पळत आले.

"चला ना तुम्ही! डोरिका, तूही चल!"

"मायी, बाक बघा," निहाका म्हणाला.

बाक भरलेला होता. एलिफाची जागा भरली होती. पलीकडे, धुक्यात, बाक कुठे संपतो ते दिसत नव्हतं. भिंत संपल्यावरही तो पुढे जात होता.

"मी थांबलो नाही, तर ही सगळी रांग गाडीच्या मागे येईल," तो म्हणाला. "निघा. रस्त्यात कोणी हात केला तर थांबू नका."

रस्त्यात हात केले. चहाच्या मळ्यांमधून जाताना दोन्ही कडांना माणसं उभी होती, तोंडं बांधलेली, आणि गाडीच्या दिव्यांत एकेकाचा हात वर होत होता. मी थांबले नाही. मागे फालेसी पोरीशी बोलत होती. आपल्या शेळीला काय नाव ठेवायचं, उद्या काय रांधायचं, असलं काहीतरी. शीळ थांबली की ती आवाज चढवायची. मी आरशात बघत नव्हते.

एलिफा वाचली. शहरातल्या सर्जनबाईंनी तिला दारातूनच थेट ऑपरेशनला घेतलं. थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं, म्हणाल्या. ती आज मळ्यात कामाला जाते. गळ्यावर वण आहे. बोलते जरा घोगरं.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. चिपेरोनी तशीच होती. डोरिका व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती, अंगावर शाल न घेता. तिने सांगितलं, रात्र पडता पडता बॅटरी विझली, ती दुसरी आणायला वॉर्डात गेली, परत आली तर खोलीत कोणी नव्हतं. चिमटे तबकात होते. पातं नव्हतं. निहाकाचे बूट खुर्चीखाली होते.

तक्रार मी स्वतः केली. पोलीस आले, विहिरीत गळ टाकून बघितला, गेले. जिल्ह्याच्या कार्यालयाने पाहणी न करताच निकाल लावला: कर्मचारी काम सोडून पळाला. पगार बंद, बायकोला सरकारी घर खाली करायला सांगितलं. मी त्या भाषणवाल्या साहेबांना फोन केला. म्हटलं, बूट न घालता, या थंडीत, पळाला कुठे? साहेब म्हणाले, बाई, तुम्ही बातमी लिहा, कादंबरी लिहू नका. मी म्हटलं, तुमची भाषणं छापण्यापेक्षा कादंबरी लिहिणं जास्त प्रामाणिक आहे. फोन कापला त्यांनी. खोलीला कुलूप लागलं. नवा थेरपिस्ट नेमलेला नाही.

इथवर झालं ते धुक्याच्या, भीतीच्या आणि माझ्या वयाच्या खात्यावर टाका हवं तर. पुढचं टाकता येणार नाही.

परवा शहरातून सर्जनबाईंचा निरोप आला, येऊन जा. गेले. त्यांनी मला एका वॉर्डात नेलं. आमच्या डोंगराखालची माणसं होती. गळ्याची सूज उतरलेली, हनुवटीखाली चीर, चिरेत पू निथळायला घातलेली रबराची पट्टी.

"कोणी केलं हे?" त्यांनी मला विचारलं. "तिकडे सर्जन आला का? बघा ही चीर. मी तरी इतकी सुबक देत नाही."

मी एका माणसाला विचारलं. तो म्हणाला, गुरुवारी गेलो होतो. बाकावर बसलो. नंबर आला.

"खोली उघडी होती?"

"होती."

"आत कोण होतं? निहाका?"

तो म्हणाला, "अंधार होता मायी. हात तेवढे लागत होते. थंड होते." मग म्हणाला, "दोन नव्हते. बरेच होते."

मी कार्यालयाला पुन्हा फोन केला. त्या जिल्ह्यात गळ्याला चीर देऊ शकणारा एकही माणूस सध्या नाही, असं त्यांनी मला ठासून सांगितलं. तळ्याकाठी प्रशिक्षणाला गेलेल्या साहेबाचीही बदली झाली आहे. खोलीची किल्ली संचालकांच्या कपाटात आहे आणि कुलूप शाबूत आहे. माणसं वाचताहेत ना, मग तुमची तक्रार काय, असंही विचारलं.

माझी तक्रार वॉर्डातल्या शेवटच्या खाटेबद्दल आहे. तिथे एक म्हातारी आहे. तिला सूज नव्हती. तिला दाढच काय, तोंडात एक दातही उरलेला नाही. ती शेजारणीला भेटायला डोंगराखालच्या त्या रुग्णालयात गेली होती, पाय दुखले म्हणून त्या बाकावर घटकाभर टेकली. तिच्या हनुवटीखालीही तशीच सुबक चीर आहे. ती कोणी दिली आणि का दिली, हे मी कार्यालयाला तीनदा विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही. आणि तो बाक अजून व्हरांड्यातच आहे.